गाडी अंगणात, मालक परदेशात

साताऱ्याच्या शाहूपुरीत किंवा सांगलीच्या विश्रामबागेत फेरफटका मारला, तर आच्छादन घातलेली एखादी मोटार दारात उभी दिसते. चिरंजीवांनी नोकरीच्या पहिल्या वर्षांत हौसेने घेतलेली. ते अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यावर आईवडिलांच्या दवाखान्यासाठी व लग्नकार्यासाठी मागे राहिलेली. किल्ली वडिलांकडे, पण नोंदणी प्रमाणपत्रावरील नाव मुलाचे. घरच्या व्यवहारात या भेदाला काही अर्थ नसतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र सारा अर्थ त्यातच असतो.

वाहन कोणाच्या नावावर नोंदलेले आहे, यावरून कायदा मालक ठरवतो. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्धपणे सांगितले. त्या प्रकरणातील मोटार एकाकडून दुसऱ्याकडे हातोहात विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाची राहिली होती. अपघातानंतर भरपाईचे दायित्व त्या नोंदणीकृत मालकावर आले. आप्ताला प्रेमाने ‘वापरा’ म्हणून दिलेली गाडी नावावर करून दिली नाही, तर सातासमुद्रापलीकडे असलेल्या मुलावरही हीच वेळ येऊ शकते.

निष्काळजीपणाचे मूळ बहुधा एका समजुतीत असते. महाराष्ट्रात खासगी मोटारीचा वाहनकर नोंदणीच्या वेळी एकरकमी भरला जातो. त्यामुळे ‘कर भरला, आता काही देणे नाही’ असे वाटते. परंतु विमा व पीयूसी प्रमाणपत्र यांच्या मुदती चालूच असतात. बँकेतील निष्क्रिय खाते कागदपत्रे दिल्यावर पुन्हा सुरू होते. खंडित विम्याचे तसे नाही. खंडकाळात झालेल्या अपघाताची भरपाई विमा कंपनी देत नाही, आणि नूतनीकरण ९० दिवसांहून अधिक लांबले तर वर्षानुवर्षे जमवलेला नो क्लेम बोनसही जातो.

खरी कसोटी पंधराव्या वर्षी येते. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते व पुढे ती दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. यालाच बोलीभाषेत ‘पासिंग’ म्हणतात. नमुना २५ मधील अर्ज मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत करता येतो. तो मालकाने किंवा मालकाच्या वतीने करावा, अशी नियमात तरतूद आहे. म्हणजे मालक परदेशी असला तरी चालते. गाडी मात्र मोटार वाहन निरीक्षकासमोर उभी करावीच लागते. सांगाडा क्रमांक, दिवे, ब्रेक, टायर यांची तपासणी प्रत्यक्षच होते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणि विलंब झाल्यास दरमहा ५०० रुपये अधिक पडतात. २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आले. त्याशिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीवर उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवली आहे ना, हेही पाहावे.

परदेशातील मुलांना ही शिस्त अपरिचित नसते. इंग्लंडमध्ये तीन वर्षांहून जुन्या मोटारीची दरवर्षी तपासणी होते; जपानमध्ये नव्या मोटारीची पहिली तपासणी तीन वर्षांनी व नंतर दर दोन वर्षांनी होते. तिकडची तारीख न चुकणारा मुलगा गावाकडच्या गाडीची तारीख मात्र वडिलांच्या स्मरणशक्तीवर सोडतो.

कधी वृद्ध आईवडील साताऱ्याचे घर बंद करून सांगलीला मुलीकडे राहायला येतात आणि ‘एमएच ११’ची गाडी ‘एमएच १०’च्या हद्दीत येते. राज्य तेच असल्याने नवा क्रमांक घ्यावा लागत नाही. पण पत्ताबदल ३० दिवसांत कळवणे बंधनकारक आहे. पत्त्याइतकाच महत्त्वाचा मोबाइल क्रमांक. परिवहन विभागाच्या ऑनलाइन सेवांचा ओटीपी आणि ई-चलानचा संदेश नोंदलेल्या क्रमांकावर जातो. परदेशी गेल्यावर जुना भारतीय क्रमांक बंद पडला, तर दंड साचत जातो आणि मालकाला त्याची गंधवार्ताही नसते.

व्यवहार वडिलांनी किंवा बहिणीने पाहायचे असतील, तर जाण्यापूर्वीच रीतसर मुखत्यारपत्र करावे. ते परदेशातून पाठवायचे झाल्यास भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. कोऱ्या अर्जांवर सह्या करून ते एजंटाच्या स्वाधीन करणे म्हणजे कोरा धनादेश देण्यासारखेच होय.

गाडी वडिलांच्या नावावर असेल तर प्रश्न वेगळा. मालकाच्या निधनानंतर वारसाला ती तीन महिने वापरता येते; मात्र ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवावे लागते आणि त्या तीन महिन्यांतच नमुना ३१ भरून नाव बदलून घ्यावे लागते. दुःखाच्या दिवसांत हे कोणाला सुचत नाही, आणि मुलगा तर पंधरा दिवसांच्या रजेवर आलेला असतो. २०२१ पासून नोंदणी प्रमाणपत्रात नामनिर्देशनाची सोय झाली आहे. बँकेच्या ठेवीला नामनिर्देशन करणाऱ्या घरांनी गाडीलाही ते करून ठेवावे.

म्हणून प्रस्थानापूर्वीच निर्णय घ्यावा. गाडी जो वापरणार, त्याच्या नावावर ती रीतसर करून द्यावी. वापर नसेल तर विकावी, किंवा फारच जीर्ण असेल तर अधिकृत केंद्रात मोडीत काढून नोंदणी रद्द करून घ्यावी. ठेवायचीच असेल तर विमा, पीयूसी व नोंदणी यांच्या तारखा एका कागदावर लिहून एक प्रत घरी व एक मुलाकडे असावी. सुट्टीत गावी येण्याचा बेत आखताना विमानाच्या तिकिटापूर्वी तो कागद पाहिला, तर त्याच मुक्कामात गाडीचे पासिंगही उरकते आणि उतारवयातील वडिलांचा हेलपाटा वाचतो.