मागच्या रांगेतले केरसी

चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम असला की माझी नजर गायकावर कमी आणि मागे बसलेल्या वादकांवरच जास्त. परवाचा ऑक्टोपॅडवाला मुलगा मध्येच वाकून खंजिरी उचलायचा, कडव्यापुरती वाजवायचा, की पुन्हा काठ्या हातात. मध्यंतरात चहाला भेटला. चाकणला कारखान्यात आहे, सकाळी फर्स्ट शिफ्ट, म्हणजे कंपनीची बस पहाटेच. एका माणसाने चार वाद्यं सांभाळायची म्हटलं की मला केरसी लॉर्ड आठवतात. मुंबईच्या पारशी घरातले, जन्म १९३५चा. वडील कावस लॉर्ड तालवाद्यांतले बडे उस्ताद, धाकटा भाऊ बुजी ड्रमवर. केरसीही तालवाद्यंच वाजवत आले, पण तिथे थांबले नाहीत. ‘हम दोनों’मध्ये (१९६१) देव आनंदच्या लायटरमधून येणारी ती इवलीशी धून त्यांच्या ग्लॉकनस्पीलची, ‘रूप तेरा मस्ताना’तला अंगावर येणारा अकॉर्डियनही त्यांचाच. पुढे सत्तरच्या दशकात मिनिमूग सिंथेसायझर हिंदी सिनेसंगीतात आणणाऱ्यांत तेच पुढे. आणि आपल्याला काय माहीत? गायक, गीतकार, संगीतकार. रेकॉर्डच्या वेष्टनावर एवढीच नावं. ही कंजुषी मला कधीच पटली नाही. केरसी २०१६ मध्ये गेले. आता कार्यक्रमाच्या शेवटी निवेदक घाईघाईने वादकांची नावं वाचेल, तेव्हा पार्किंगकडे पळू नका. दोन मिनिटं थांबा, टाळ्या वाजवा. त्या मुलाला पहाटेची बस गाठायचीय.