पदवीचे नाव आणि प्रयोगशाळेचे दार

झाशी जिल्ह्यातील टहरौलीसारख्या गावी बारावी उत्तीर्ण होऊन रसायनशास्त्राकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आज नवा पेच आहे: तीन वर्षांची बी.एस्सी. की चार वर्षांची ‘संशोधनासह ऑनर्स’? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यालाच संशोधनाचे चौथे वर्ष खुले होते. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के मिळाल्यास थेट पीएच.डी.ला पात्रताही लाभते.

तरतूद स्वागतार्ह आहे; परंतु ती कागदावरून प्रयोगशाळेत उतरायला हवी. उपकरणे आणि मार्गदर्शक नसलेल्या महाविद्यालयात चौथे वर्ष म्हणजे गरीब कुटुंबावर पडलेला एका वर्षाचा खर्च. म्हणून प्रवेशापूर्वी पदवीच्या नावापेक्षा दोन गोष्टी विचाराव्यात: विद्यार्थी स्वतःच्या हाताने किती प्रयोग करतात आणि सोबत गणित व भौतिकशास्त्र घेता येते काय? पुंजयामिकी व ऊष्मागतिकी यांवाचून आधुनिक रसायनशास्त्र पाठांतरच उरते.

कमला सोहोनी १९३३ साली मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या. पुढे १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली ती जीवरसायनशास्त्रात. पदवीने त्यांची वाट बांधून टाकली नाही. पाया मात्र भक्कम केला.

चौथ्या वर्षाचा निर्णय तिसऱ्या वर्षी घेता येतो. पाया मात्र पहिल्याच दिवशी निवडावा लागतो. तो टहरौलीच्या मुलीलाही निवडता यावा, ही जबाबदारी तिची एकटीची नव्हे, शासनाचीही आहे.