कुलूप लावण्याआधीचे नव्वद दिवस

मुळशी, मावळ, कर्जत, अलिबाग या पट्ट्यात डांबरी रस्ता सोडून आत वळलं की थोड्याच अंतरावर एखादं फाटक आडवं येतं. दोन लोखंडी खांब, चॅनलवर सरकणारं दार, दाराला हिरवी शेडनेट, साखळी आणि साखळीला कुलूप. शेजारी पाटी: 'खाजगी मालमत्ता. विनापरवानगी प्रवेश केल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल.' तिच्याखाली सीसीटीव्हीची पाटी. कॅमेरा असतोच असं नाही. मात्र फाटकाच्या पट्टीखालून दोन चाकोऱ्या आत गेलेल्या दिसतात, मधे गवताचा पट्टा. चाकोऱ्या फाटकाहून जुन्या आहेत हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. खांबाच्या कडेला तारेचा खालचा पदर वर ओढून, माणूस वाकून जाईल एवढी फट कुणीतरी करून ठेवलेली असते. पाटी न वाचणारी माणसं अजून येतात, एवढाच तिचा अर्थ.

फाटक लावणाऱ्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: 'इथून जातंय कोण?'

जातंय कोण, हे कोणत्या महिन्यात विचारता त्यावर आहे. श्रावणात विचारलं तर कुणीच नाही. पाणंदीत गुडघाभर चिखल असतो आणि दोन्ही बाजूंची घाणेरी वाटेवर झुकलेली असते. भातकापणीच्या दिवसांत त्याच वाटेने भारे खळ्यावर येतात. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. कापणी झालेल्या खाचरात रात्री मेंढ्या बसवायच्या, शेताला खत आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. पावसाच्या आधी कळप परत वर जातो. वर्षातून दोनदा, एक जाताना, एक येताना. महामार्गाच्या रहदारी-गणनेच्या हिशेबात ही वाट 'वापरात नाही' अशीच धरली जाईल. पण त्या दोन दिवसांत ती बंद असेल तर कळपाला डांबरी रस्त्याने, भरधाव टेम्पोंच्या मधून, कित्येक किलोमीटरचा वळसा पडतो. मोळी आणायला जाणारी कातकरी बाई आणि नदीवर गुरं नेणारा म्हातारा तर कुठल्याच गणनेत नसतात. स्मशानाच्या वाटेवर रोज गर्दी असावी अशीही कुणाची अपेक्षा नसते.

नाणेघाटाचं उदाहरण घ्या. जुन्नरहून कल्याणच्या बंदराकडे जाणारी ही सातवाहनकाळची वाट. गुहेत नागनिकेचा लेख, वर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण. आज त्या दगडी पायऱ्यांवरून जाणारी वाहनं मोजली तर आकडा शून्य येईल. वाहनांची संख्या हीच कसोटी मानली तर दोन हजार वर्षांची वाटही बाद ठरते. सह्याद्रीतल्या कितीतरी घाटवाटांची गत यापेक्षा वेगळी नाही. गाडीरस्ते झाले, बैलांचे तांडे थांबले आणि वाटांवर करवंदीची जाळी वाढली.

शेतातल्या वाटेची किंमत कळते ती ऊस तोडायला आल्यावर. टोळी फडात उतरते, ऊस पडतो आणि ट्रॅक्टर-ट्रॉली फडापर्यंत येऊ शकत नाही. मग मोळ्या डोक्यावरून रस्त्यापर्यंत वाहून आणायच्या. त्याचे वेगळे पैसे मुकादम मागतो, आणि रस्ता असलेले फड असताना हा फड आधी का घ्यायचा, असंही विचारतो. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटतं. पाणी, माती, बियाणं सगळं तेच. फरक फक्त शेजाऱ्याच्या बांधावरून जाणाऱ्या दहा-बारा फुटांचा. जमीन विकायला काढली तर हा फरक एकरी भावातही दिसतो, आणि दलाल पहिला प्रश्न वाटेचाच करतो. जमीन कोंडायची, भाव पाडायचा आणि मग तीच घ्यायची, हा उद्योग गावोगाव लोक ओळखून आहेत. त्याला फार हुशारी लागत नाही, कुलूप पुरतं.

सगळा दोष शहरातून आलेल्या फार्महाऊसवाल्यांच्या माथी मारणं मात्र सोपं आणि अर्धवट आहे. फाटक शेवटी येतं. त्याआधी वाट खाल्ली जाते ती नांगराने. दर हंगामात एक तास वाटेत सरकवायचं, याला 'बांध कोरणं' म्हणतात आणि ते गावचेच लोक करतात. गाडीवाटेची बैलगाडीपुरती वाट होते, मग पायवाट. मग कुणीतरी बोराटीचं काटवण आणून टाकतं, 'गुरं शिरतात' म्हणून. काटवणाच्या जागी तार येते, तारेच्या जागी दगडी गडगा. जमीन विकली जाते तेव्हा नव्या मालकाला वाट नसलेलाच तुकडा दाखवला जातो. त्याने लावलेलं फाटक हे त्याच्या समजुतीने निर्दोष असतं.

समजूत काहीही असो, कागद वेगळं सांगतो. इंग्रजी अमदानीत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून रयतवारी मोजणीची जी घडी बसवली, तिच्यातून गावोगावचे नकाशे तयार झाले. त्यांत वाटा आहेत. गावाहून गावाला जाणारे रस्ते, दोन गावांच्या हद्दीवरचे शिवरस्ते, गाडीमार्ग, पायमार्ग. काही रस्त्यांची जमीन कुठल्याच भूमापन क्रमांकात धरलेली नाही. काही मार्ग एखाद्या क्रमांकातून जातात आणि त्यांचं क्षेत्र पोटखराबात दाखवलेलं असतं. रुंदीचे आकडेही मजेशीर वाटतात: पायमार्ग सव्वाआठ फूट, गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट. हे विचित्र अपूर्णांक आले मोजणीच्या साखळीतून. साखळी ३३ फुटांची, ३३ गुणिले ३३ म्हणजे एक गुंठा. साडेसोळा फूट म्हणजे अर्धी साखळी, सव्वाआठ म्हणजे पाव. आजही ज्याला 'वहिवाट' म्हणतात त्या शब्दात वाट आहे, हे वकिलांनाही कधीकधी आठवून द्यावं लागतं.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम २० सांगतं की जे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा दुसऱ्या कुणाच्या मालकीच्या नाहीत, त्या राज्य शासनाच्या आहेत. त्यापुढचं कलम २१ गावात फारसं कुणी वाचलेलं नसतं, आणि या वादाचा खरा गाभा तिथेच आहे. लोकांना नको असलेला सार्वजनिक रस्ता बंद करता येतो. कायद्याने ती सोय ठेवली आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी अधिसूचना काढायची, त्या वाटेवर किंवा जवळपास सोयीच्या जागी जाहीर नोटीस लावायची. त्यानंतर ९० दिवस कुणीही लेखी हरकत घेऊ शकतो. ज्याचा त्या वाटेवर वेगळा हक्क आहे, तो भरपाईही मागू शकतो. सगळ्यांचं ऐकून मग निर्णय. निर्णय 'बंद' असा झाला तरी हक्क संपतात ते लोकांचे. जमीन शेजाऱ्याच्या सातबाऱ्याला आपोआप चिकटत नाही.

म्हणजे 'इथून जातंय कोण?' हा प्रश्न चुकीचा नाही. तो विचारण्याची एक जागा आहे, एक पद्धत आहे आणि ऐकून घेण्यासाठी तीन महिने दिलेले आहेत. फाटक लावणारा तोच प्रश्न स्वतःला विचारतो, स्वतःच उत्तर देतो आणि रविवारी वेल्डर बोलावतो.

मग धावपळ होते ती चालणाऱ्याची. अस्तित्वात असलेली वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ आहे. तहसीलदार अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतो. पण दावा अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत लागावा लागतो. शेताला वाटच नाही, ती बांधावरून हवी आहे, तर महसूल संहितेचं कलम १४३. दोन्ही अर्ज एकाच तहसीलदाराकडे, तरी एकाच्या जागी दुसरं कलम लिहिलं की प्रकरण भरकटतं. स्थळपाहणीची तारीख पडते, त्या दिवशी साहेब निवडणुकीच्या कामात. पुढच्या तारखेला पंच येत नाहीत, कारण पंचांनाही गावात राहायचं असतं. कलम १४३ च्या निर्णयाने नाराज झालेल्याला वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो, आणि तिथे गेलेली वाट कधी परत येईल हे कुणी सांगू शकत नाही. गोव्यात मामलेदार न्यायालयाचा स्वतंत्र कायदा १९६६ चा. तिथेही समुद्राकडे किंवा मागच्या घरांकडे जाणारी जुनी पायवाट अडली की माणसं मामलेदाराचंच दार ठोठावतात.

ग्रामपंचायतीचं काय? ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५३ पंचायतीला सार्वजनिक रस्त्यावरचे अडथळे आणि अतिक्रमणं काढायचा अधिकार देतं. प्रत्यक्षात मात्र 'सदर रस्ता वापरात नसल्याने हरकत नाही' असा दाखला मालकाच्या फायलीत सापडतो. असा दाखला म्हणजे वाट बंद करण्याचा हुकूम नव्हे. तो अधिकार पंचायतीला नाही.

आता मालकाची बाजू. ती खोटी नाही. आडवाटेला रात्री राडारोडा ओतून जाणारे डंपर, शनिवारी बाटल्या फोडणारी टोळकी, आंब्याच्या मोसमात कलमांवर पडणारी धाड, परवान्याविना मुरूम उपसणारे जेसीबी, हे सगळं खरं आहे आणि पोलीस ठाणं वीस किलोमीटरवर असतं. ज्याने कर्ज काढून बाग उभी केली त्याला 'वाट मोकळी सोड' हे उपदेश करणाऱ्याने एक रात्र तिथे राहून पाहावं. पण यातला प्रत्येक त्रास वाहनांचा आणि रात्रीचा आहे. त्यावर उपाय म्हणून दिवसा पायी चालणारी माणसं का अडवायची? कोकणात आगराला 'बेडं' असतं, खाचांत सरकवलेले आडवे वासे. गुरं अडतात, माणूस वासा सरकवून आत जातो आणि परत लावतो. याच धर्तीवर वाहनांसाठी फाटक आणि शेजारी माणसाला, शेळीला जाईल एवढी कायमची मोकळी जागा ठेवता येते. पिकाच्या दिवसांत फाटक उघडं, चावी दोन-तीन जणांकडे, हे ग्रामसभेत लिहून ठेवता येतं. चोर अडवण्याचाच हेतू असेल तर एवढ्याला नकार देण्याचं कारण उरत नाही. नकार आला की हेतू कळतो.

रस्ता बंद करण्याचा अनुभव अख्ख्या महाराष्ट्राने २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये घेतला. करोनाच्या भीतीने गावांनी आपापल्या शिवेवर बाभळीच्या फांद्या, बैलगाड्या, मोठाले धोंडे टाकले. काही ठिकाणी जेसीबीने चर खणले. भीती खरी होती, इरादा वाईट नव्हता. पण बाळंतपणासाठी निघालेली गाडी आणि भाजीचा टेम्पो त्याच काट्यांपाशी थांबले, आणि ज्या आडवाटांना एरवी कुणी विचारत नव्हतं, त्यांच्यावरूनच माणसं निघाली. मुख्य रस्ता अडला की आडवाट लागते. पूर आला, पूल खचला, वणवा लागला तरीही तीच लागते.

शासन झोपलेलं आहे असं म्हणता येणार नाही. पाणंद रस्त्यांसाठी २०१८ मध्ये पालकमंत्र्यांच्या नावाने योजना आली, २०२१ मध्ये 'मातोश्री ग्रामसमृद्धी' या नावाने. २०२५ मध्ये महसूल विभागाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात व्हावी, असा निर्णय घेतला. नोंदीचा हा निर्णय खडी-मुरुमाच्या सगळ्या योजनांपेक्षा मोलाचा आहे, कारण नवा खरेदीदार सातबारा पाहतो, गाव नकाशा पाहत नाही. त्रुटी एकच, पण मोठी: या सगळ्यांत चालणाऱ्याने वाट मागायची आहे. अडवणाऱ्याने आधी परवानगी दाखवावी, अशी सक्ती कुठे दिसत नाही. बिनशेती परवाना देताना, फार्महाऊसचा आराखडा मंजूर करताना, कुंपणाच्या रेषेवर गाव नकाशा ठेवून पाहिला तरी निम्मे तंटे जागीच मिटतील. त्याला नवा कायदा लागत नाही, एका कारकुनाचं अर्ध्या तासाचं काम लागतं.

तोवर गावाने एक करावं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या ग्रामसभांपैकी एकीत गाव नकाशा भिंतीवर लावावा. तो भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यावरची प्रत्येक वाट वाचून, ती आज कुठे अडली आहे हे ठरावात लिहून घ्यावं आणि दुसऱ्या दिवशी तलाठ्याला, म्हणजे नव्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्याला, सोबत घेऊन चालत जावं. ज्या फाटकाशी पाय थांबतील त्याच्या मालकाला कलम २१ ची अधिसूचना दाखवायला सांगावं. नसेल, तर फाटक कधी बसलं ती तारीख आधी लिहून घ्यावी. मामलेदार न्यायालयाचे सहा महिने त्या तारखेपासून मोजले जातात.