बल्ब बदलला, पारा कुठे टाकला?

कसाऱ्याच्या वस्त्यांतून पिवळा बल्ब जवळपास गेला, हे चांगलेच झाले. 60 वॅटचा पिवळा बल्ब रोज 5 तास जळला तर महिन्याला 9 युनिट वीज खातो. 14 वॅटचा सीएफएल तेवढ्या वेळात 2 युनिटच्या आसपास घेतो, 9 वॅटचा एलईडी दीड युनिटही घेत नाही. शिवाय आपली बरीचशी वीज कोळशावर तयार होते आणि कोळसा जळताना थोडा पाराही हवेत जातो. वीज वाचली की तेवढे विष कमी.

पण सीएफएल आणि ट्यूबलाईटच्या काचेतही पारा असतो. एका सीएफएलमध्ये साधारण 3 ते 5 मिलिग्रॅम, बॉलपेनच्या टोकावर मावेल इतका. एक दिवा फुटला म्हणून घाबरून जायचे कारण नाही. मात्र घरोघरचे दिवे उकिरड्यावर फुटतात, कचऱ्याबरोबर पेटवले जातात, तेव्हा पाऱ्याची वाफ श्वासात जाते. उरलेला पारा पावसात ओढ्याला लागतो. तो मेंदूला आणि मूत्रपिंडांना इजा करतो. गरोदर बाई आणि लहान मुले यांना धोका अधिक.

ही काच उचलते कोण? कचरा वेचणारी, झाडू मारणारी माणसे. त्यांत आपल्या आया-बहिणी किती आहेत, हे वेगळे सांगायला नको. बचत सगळ्यांची आणि पारा त्यांच्या हाताला, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

दिवा घरात फुटला तर मुलांना बाहेर काढा, पंखा बंद करून दारे-खिडक्या उघडा आणि 10-15 मिनिटे थांबा. झाडू मारू नका, त्याने पारा पसरतो. जाड पुठ्ठ्याने काच गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने टिपा आणि सगळे झाकणाच्या बरणीत बंद करा. मग हात साबणाने धुवा. दिवा चुलीत कधीच टाकू नका. बंद पडलेले दिवे न फोडता, कागदात गुंडाळून खोक्यात ठेवा.

नवा दिवा एलईडीच घ्या. त्यात पारा नसतो. पण त्यातले सर्किट हाही ई-कचराच आहे. बीआयएसची खूण आणि वॉरंटी पाहून घेतला तर तो लवकर फेकावा लागणार नाही.

2016 च्या ई-कचरा नियमांनी पाऱ्याचे दिवे परत घेण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. पण गावात तशी पेटी मागितल्याशिवाय येणार नाही. येत्या ग्रामसभेत महिला मंडळांनी लेखी अर्ज द्यावा: जुने दिवे गोळा करायला पेटी, ते अधिकृत केंद्रापर्यंत नेण्याची सोय आणि सफाई कामगारांना जाड हातमोजे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.