घरी येणाऱ्या नर्सला ‘गरजेचा दाखला’ कशाला?

प्रति,
केंटकी राज्य विधिमंडळाचे सन्माननीय सदस्य,
फ्रँकफर्ट, केंटकी



आपल्या राज्यातल्या लुइव्हिल शहरात हजारो नेपाळीभाषक राहतात. त्यांतले बरेचसे मूळचे भूतानचे. १९९० च्या दशकात तिथून हुसकावले गेलेले, पूर्व नेपाळमधल्या छावण्यांत अर्धं आयुष्य काढलेले आणि पुढे अमेरिकेने आसरा दिलेले. त्यांची नातवंडं बघता बघता इंग्रजी बोलू लागली. सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना ते कसं जमावं? शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या माणसाला जखमेचं ड्रेसिंग करणारी नर्स लागते, इन्शुलिन कधी आणि किती घ्यायचं हे समजावणारं कुणीतरी लागतं. नर्स इंग्रजीत विचारते, दुभाषा फोनच्या दुसऱ्या टोकाला असतो, आणि म्हातारं माणूस संकोचून प्रत्येक प्रश्नाला मान डोलावतं. दुखतंय कुठे, हे सांगायचं राहूनच जातं.

दीपेंद्र तिवारी आणि किशोर सापकोटा या दोघांनी या लोकांसाठी घरी जाऊन शुश्रूषा करणारी संस्था काढायचं ठरवलं. नाव ‘ग्रेस होम केअर’. कर्मचारी रुग्णाच्या भाषेत बोलणारे. राज्याने परवानगी नाकारली. त्यांच्या कामात खोट होती म्हणून नव्हे. लुइव्हिल ज्यात येतं त्या जेफरसन काउंटीत अशा आणखी एका संस्थेची ‘गरज’ नाही, असं राज्याच्या आरोग्य आराखड्यातलं गणित सांगत होतं. ते गणित काउंटीतले रुग्ण मोजतं. त्यांतल्या किती जणांना नर्सचं बोलणं कळतं, हे मोजत नाही. अर्जाला विरोधही झाला होता, आणि विरोध करणारी होती तीच सेवा आधीपासून देणारी एक बडी रुग्णालय-साखळी.

या पत्राचा सगळा आक्षेप या एका गोष्टीवर आहे. ‘सर्टिफिकेट ऑफ नीड’च्या, म्हणजे गरजेच्या दाखल्याच्या, कायद्यामुळे नव्याने येणाऱ्याने आधी सरकारला पटवायचं की आपली गरज आहे, आणि त्या सुनावणीत जुन्याने उभं राहून सांगायचं की नाही. रुग्णाला काय हवं, हा प्रश्न मागेच राहतो.

हा कायदा आला तेव्हा त्यामागे विचार होता, हे मान्य करायला हवं. १९५९ च्या सुमारास मिल्टन रोमर या आरोग्यतज्ज्ञाने दाखवलं होतं की विमा असलेल्या समाजात रुग्णालयात जितक्या खाटा वाढवाव्या तितक्या भरतात. १९६६ मध्ये मेडिकेअर हा वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा सुरू झाला आणि सरकार रुग्णालयांना झालेल्या खर्चाच्या हिशेबाने पैसे देऊ लागलं. म्हणजे जितका खर्च जास्त तितकी भरपाई जास्त. खर्चाला लगाम घालायला न्यूयॉर्कने त्याआधीच, १९६४ मध्ये, असा दाखला आणून वाट दाखवली होती. १९७४ मध्ये केंद्राने कायदा करून जवळपास सगळ्या राज्यांना त्या वाटेवर आणलं. पुढे पैसे देण्याची पद्धतच बदलली. १९८३ पासून रुग्णालयांना आजारानुसार आधीच ठरलेली रक्कम मिळू लागली, २००० पासून घरच्या शुश्रूषेलाही तसाच नियम लागला. केंद्राने आपला १९७४ चा कायदा १९८६ मध्ये रद्दही केला. रोग गेला, पथ्य मात्र आपल्या राज्यात अजून चालू आहे.

त्यातही घरच्या शुश्रूषेला हे पथ्य कधीच लागू पडत नव्हतं. रोमर यांचं निरीक्षण खाटांबद्दल होतं. इथे इमारत नाही, कोट्यवधी डॉलरची यंत्रं नाहीत. एक नर्स, एक मोटार आणि औषधांची पिशवी. अशी नर्स वेळेवर पोचली तर रुग्ण पुन्हा रुग्णालयात किंवा महागड्या नर्सिंग होममध्ये जाण्याची वेळ टळू शकते. खर्च आवरण्यासाठी केलेल्या कायद्याने तुलनेने स्वस्त सेवाच अडवून धरावी, हे मनाला फार लागतं.

तिवारी आणि सापकोटा कोर्टात गेले. २०२२ मध्ये सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल राज्याच्या बाजूने दिला. न्यायाधीश जेफ्री सटन यांनी लिहिलेला तो निकाल आपण प्रत्येकाने वाचावा. या कायद्याची बाजू किती लंगडी आहे ते त्यात दिसतं. पण निकालानुसार घटनेच्या कसोटीवर हा कायदा कसाबसा तग धरतो, आणि वाईट धोरण दुरुस्त करणं हे न्यायालयाचं नव्हे, लोकप्रतिनिधींचं काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. तेव्हा चेंडू आता फ्रँकफर्टमध्ये, आपल्याच हाती आहे.

ओहायो नदीवरचा पूल ओलांडला की इंडियाना राज्य लागतं. तिथे घरी शुश्रूषा देणाऱ्या संस्थेला परवाना लागतो, गरजेचा दाखला लागत नाही. पलीकडच्या जेफरसनविलच्या आजींना जे मिळू शकतं ते लुइव्हिलच्या आजींना का नको? हा प्रश्न नेपाळी माणसांपुरता नाही. महाराष्ट्रातून मुलांकडे कायमचे राहायला गेलेले आईवडीलही अमेरिकेत म्हातारे होताहेत, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची उशिरा शिकलेली भाषा अनेकदा आधी जाते.

परवाना आणि दाखला यांची गल्लत मात्र नको. परवान्यात सरकार पाहतं की नर्स शिकलेली आहे का, नोंदी नीट आहेत का. महाराष्ट्रात शुश्रूषागृह काढायचं तर १९४९ च्या कायद्याखाली नोंदणी लागते, आणि ती लागायलाच हवी. आपल्या राज्यातला परवानाही तसाच राहावा, हवा तर आणखी कडक व्हावा.

विरोधकांची एक भीती खरी आहे. मायामी आणि शिकागो परिसरात घरच्या शुश्रूषेच्या नावाखाली मेडिकेअरची इतकी लूट झाली की २०१३ मध्ये केंद्राने तिथे नव्या संस्थांची नोंदणीच थांबवली. ती बंदी २०१९ पर्यंत चालली. पण गरजेचा दाखला अर्जदाराची सचोटी तपासत नाही. खोटी बिलं पकडायची तर हिशेबतपासनीस हवेत, अचानक तपासणी हवी, अर्जदाराचं पूर्वचरित्र पाहायला हवं. आणि स्पर्धा वाढली तर पूर्व केंटकीच्या डोंगराळ भागातल्या छोट्या रुग्णालयांचं काय? तातडीच्या रुग्णाला, त्याच्या खिशात पैसे असोत वा नसोत, ती परत पाठवू शकत नाहीत. केंद्राचा १९८६ चा तातडीच्या उपचारांचा कायदाच तसा आहे. हा भार सरकारने उघडपणे अनुदान देऊन उचलावा. लुइव्हिलमधल्या नर्सला अडवून डोंगरातल्या हझार्ड गावच्या रुग्णालयाच्या तिजोरीत काही पडत नाही.

आपण हे करू शकता, याचा पुरावा आपणच दिला आहे. एलिझाबेथटाउनला एका अनुभवी नर्स-सुईणीला प्रसूतिकेंद्र काढायचं होतं, तेव्हा आसपासच्या रुग्णालयांनी तिच्या दाखल्याला विरोध केला होता. २०२५ मध्ये आपण अशा स्वतंत्र प्रसूतिकेंद्रांना या दाखल्यातून मोकळं केलं. त्याच विधेयकात गर्भपाताविषयीची कलमं घातल्याने राज्यपाल बशीअर यांनी ते नाकारलं, आणि आपण त्यांचा नकार ओलांडून ते मंजूर केलं.

येत्या अधिवेशनात घरच्या शुश्रूषेसाठी एक स्वतंत्र, छोटं विधेयक आणा. त्याला दुसरा कुठलाही विषय जोडू नका. दाखल्याच्या यादीतून घरी शुश्रूषा देणाऱ्या संस्था वगळा, परवाना आणि तपासणी ठेवा, आणि कोणत्या काउंटीत किती रुग्णांना त्यांच्या भाषेत सेवा मिळाली याची आकडेवारी दरवर्षी जाहीर करायला आरोग्य खात्याला भाग पाडा. मतदानापूर्वीच्या सुनावणीला रुग्णालयांचे वकील येतीलच. लुइव्हिलच्या नेपाळी घरांतल्या लेकी-सुनांनाही बोलवा, आणि त्यांच्यासाठी दुभाषा समोर बसवा.