नाल्यालाही काटा हवा

पाथर्डीत टँकर फिरू लागले की साखर कारखान्यांच्या नावाने बोटे मोडायची, ही अहिल्यानगर जिल्ह्याची जुनी रीत. ऊस पाणी पितो, हे खरेच. पण प्यालेले पाणी पुढे जाते कुठे, हे कोणी विचारत नाही.

एक टन ऊस गव्हाणीत पडतो तेव्हा त्याच्या पोटात जवळपास 700 लिटर पाणी असते. थोडे भुशाबरोबर जाते, बाकीच्याची रस आटवताना वाफ होते. गुऱ्हाळात ती आभाळात जाते. कारखान्यात पहिल्या भांड्यातली वाफ दुसऱ्या भांड्यातला रस उकळते, दुसऱ्यातली तिसऱ्यातला. पुढच्या भांड्यात दाब कमी ठेवला की रस कमी उष्णतेवर उकळतो, एवढीच मेख. लुइझियानाच्या नॉर्बर्ट रिलियू यांनी 1843 मध्ये याचे पेटंट घेतले, तेव्हा केमिकल इंजिनिअरिंग हा शब्दही रुळला नव्हता. राबून थकलेली ही वाफ बरीचशी पाणी होऊन परत हाती येते. म्हणजे नीट आखलेल्या कारखान्याला गळीत हंगामात प्रवरा किंवा मुळा नदीपुढे हात पसरण्याची वेळ फारशी येऊ नये.

मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या डिस्टिलरीचे दुखणे वेगळे. लिटरभर मद्यार्कामागे आठ ते पंधरा लिटर काळे, आंबूस पाणी उरते. विहिरी नासवणारे हेच. त्यातून आधी गॅस काढावा, मग ते आटवून बॉयलरमध्ये जाळावे. राखेत पोटॅश मिळते, जे आपण परदेशातून विकत आणतो. थेंबही बाहेर सोडू नये, असा नियमच आहे. खुद्द साखर कारखान्यालाही केंद्राच्या 2016 च्या अधिसूचनेने टनामागे 200 लिटर सांडपाण्याची मर्यादा घातली आहे.

पण मोजणार कोण? विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, त्या जिल्ह्यात उसाच्या वजनातल्या काटामारीवरून आजही सभा गाजतात. कारखान्याच्या अहवालात साखरेचा उतारा दोन दशांश स्थळांपर्यंत छापला जातो. त्याच ओळीखाली टनामागे नदीतून किती लिटर उचलले आणि नाल्यात किती सोडले, हे दोन आकडे छापावेत. उसाचा काटा तपासणारा सभासद तेही तपासून पाहील.