आरतीचे ताट

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक लहानसा वाद उपस्थित झाला. विषय म्हटला तर क्षुल्लक होता. परंतु त्याने दोन दिवस घरातील पंक्तीस बरेच तिखट पुरविले, आणि अखेरीस आम्हांस आमच्याच एका जुन्या समजुतीचा फेरविचार करावयास लावले. पुष्कळ वाचकांच्या घरीही तरुण मंडळी असतील व ती गातवाजवीत असतील. म्हणून तो वृत्तांत येथे देणे अप्रस्तुत होणार नाही असे वाटते.

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव व त्यांचे तीन मित्र ह्यांनी मिळून एक बँड काढला आहे. बँड म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे वरातीपुढचे लाल डगलेवाले उभे राहतात. परंतु ह्या मंडळींचा प्रकार निराळा. स्वतः पदे रचावयाची, स्वतः चाली लावावयाच्या आणि स्वतःच गावयाच्या. अशी आठ पदे त्यांनी दोन वर्षे खपून तयार केली, आणि आता त्यांचा ‘अल्बम’ बाहेर पडावयाचा आहे. त्यानिमित्त एक सभागृह भाड्याने घेऊन गाण्याचा कार्यक्रम योजिला आहे. येथवर सर्व ठीक. परंतु एका सायंकाळी चिरंजीव आमच्यापुढे येऊन उभे राहिले आणि संकोचून म्हणाले, “काका, तुम्ही सगळे याच. पण तिकीट काढून या.”

घरच्या मुलाने घरच्या वडील माणसांस तिकीट मागावे! बंधू संतापले. वहिनी म्हणाल्या, “उद्या हा जेवायचे ताटही तिकिटावर वाढील.” आम्ही स्वतः काही बोललो नाही, पण मनातून आम्हांसही ते रुचले नाही हे कबूल केले पाहिजे. विद्या ही विकावयाची वस्तू नव्हे, हा संस्कार आम्हांवर लहानपणापासून झालेला. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त गणदास नावाचा नाट्याचार्य, ज्याचे ज्ञान केवळ पोट भरण्यापुरते असते त्यास ज्ञानाचा वाणी म्हणतो. तो श्लोक आम्ही वर्गात कितीदा समजावून सांगितला असेल ह्याची गणती नाही.

तथापि निकाल देण्यापूर्वी दुसरी बाजू ऐकावी ह्या न्यायाने आम्ही चिरंजीवांस बसवून घेतले व हा सर्व खटाटोप काय आहे ते विचारले. अल्बम म्हणजे आमच्या समजुतीप्रमाणे छायाचित्रे चिकटविण्याची वही. पण ह्या शब्दाचे मूळही तेथून फार दूर नाही. जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीनचार मिनिटांचे गाणे मावे. लांबलचक संगीत द्यावयाचे तर अनेक तबकड्या वहीसारख्या पुठ्ठ्याच्या बांधणीत घालून विकीत. १९४८ मध्ये दीर्घकाळ वाजणारी तबकडी निघाली, वहीची गरज संपली, पण नाव तेवढे राहिले. आता तर तबकडीही गेली. गाणी तारेवाचून घरोघर पोचतात, आणि तरीही त्यांच्या संचास अल्बमच म्हणतात.

हा संच सिद्ध करण्याचे काम आम्ही समजलो होतो तितके सोपे नाही. प्रत्येक वाद्य व प्रत्येक आवाज निरनिराळा मुद्रित करतात. मग त्यांतील कोणता किती उंच व कोणता किती मागे, ह्याचे मिश्रण करतात. आणि शेवटी सर्व गीते एकमेकांशेजारी शोभतील अशी त्यांच्यावर अखेरची सफाई करतात. स्वयंपाकात भाजी शिजविणारा एक, मीठमसाला पाहणारा दुसरा आणि पान वाढणारा तिसरा असावा, तसे हे आहे. ह्या प्रत्येकास वेतन द्यावे लागते. ध्वनिमुद्रणाच्या खोलीचे भाडे तासावर. पाठीशी कंपनी असती तर तिने हा खर्च सोसला असता; परंतु मग पदे कोणती असावीत, ती केव्हा निघावीत व त्यांजवर हक्क कोणाचा, हेही बहुधा तिनेच ठरविले असते. हिंदुस्थानात १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान हिचा आवाज तबकडीवर चढला, तेव्हापासून पुढे पाऊणशेंहून अधिक वर्षे कोणाचे गाणे घरोघर जावे हे मुख्यत्वे कंपन्याच ठरवीत आल्या. ह्या मुलांनी ती वाट सोडली. चौघांनीही नोकरीच्या पगारातून दरमहा काही रक्कम बाजूस काढून काम तडीस नेले.

“मग हे धाडस तुम्हांस सुचविले कोणी?” असे आम्ही पुसले. तेव्हा त्याने दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ नामक वृंदाची हकीकत सांगितली. ती आम्हांस इतकी मनोवेधक वाटली की पुढे आम्ही स्वतः त्यांची गाणी लावून ऐकली व आणखी माहिती मिळविली.

हा वृंद १९९० साली सिद्ध झाला. गितार वाजविणारे सुश्मित सेन आणि तबल्यावर बसून गाणारे असीम चक्रवर्ती हे त्याचे मूळ पुरुष. पुढे राहुल राम व अमित किलम येऊन मिळाले. त्यांचा पहिला संच १९९३ मध्ये एच. एम. व्ही. कंपनीने काढला. त्यानंतरचा ‘डेझर्ट रेन’ हा १९९७ सालचा संच तर प्रत्यक्ष मैफलीतच मुद्रित झालेला. २००० सालच्या ‘कंदिसा’ ह्या संचाने त्यांचे नाव सर्वतोमुखी केले. त्यातील नामगीत म्हणजे केरळातील सीरियन ख्रिस्ती लोकांची एक प्राचीन प्रार्थना. आणि त्याच संचात नर्मदामाईचेही गीत आहे. राहुल राम ह्यांनी काही काळ नर्मदेच्या खोऱ्यात आंदोलनाचे काम केले होते. ज्या घरांत नर्मदा परिक्रमेच्या गोष्टी ऐकत मुले वाढली, त्या घरांस हे गीत परके वाटणार नाही. आमच्या मातोश्रींनी तर ते दुसऱ्यांदा लावावयास सांगितले.

करोलबागेत खजूर रोडवर १६/३३० क्रमांकाचा एक जुना बंगला होता. तेथे ही मंडळी वर्षानुवर्षे तालीम करीत. त्या बंगल्याचा पत्ता हेच त्यांनी आपल्या पुढील संचाचे नाव ठेविले. गीते मुद्रित झाली. इतक्यात, २५ डिसेंबर २००९ रोजी असीम चक्रवर्ती हृदयविकाराने निवर्तले.

वाचकहो, त्या उरलेल्या तिघांची स्थिती क्षणभर मनात आणावी. मित्र गेला आहे. त्याचा आवाज मात्र यंत्रात जिवंत आहे. तो पेटीत जपून ठेवावा, की बाहेर जाऊ द्यावा? आणि जाऊ द्यावयाचा तर त्याचे मोल काय ठरवावे? त्यांनी जे केले ते ऐकून आम्ही थक्क झालो. २०१० च्या जुलै महिन्यापासून त्यांनी सात गीतांपैकी दरमहा एक ह्याप्रमाणे इंटरनेटवर ठेविले आणि ज्यास हवे त्याने विनामूल्य घ्यावे असे सांगितले. मासिकाचा अंक यावा तसे एकेक गीत लोकांच्या घरी येत राहिले, आणि गेलेल्या गायकाचा आवाजही त्याबरोबर महिन्यामागून महिना येत राहिला. पुढे तबल्यास व गाण्यास नवे सोबती मिळवून वृंदाने काम चालू ठेविले. २०१३ मध्ये सुश्मित सेनही बाहेर पडले. तरी नवे संच निघतच आहेत.

येथे बंधूंनी आमच्या मनातील आक्षेप बोलून दाखविला. ते म्हणाले, “बघा! थोर माणसांनी फुकट दिले, आणि हा घरच्यांस तिकीट मागतो.”

त्यावर चिरंजीवांनी दिलेले उत्तर शांत होते. “बाबा, आमची गाणीही फुकटच ऐकायला मिळणार आहेत. पण त्यांनी गाणी फुकट दिली, मैफली नव्हेत. मैफलींवरच तर त्यांचे चालते. लोकांनी गाणी ऐकावीत आणि मग प्रत्यक्ष ऐकायला यावे, असा तो हिशेब.” मग त्याने विलायतेतील ‘रेडिओहेड’ ह्या वृंदाचे उदाहरण दिले. कंपनीचा करार संपल्यावर त्यांनी १० ऑक्टोबर २००७ रोजी आपला ‘इन रेनबोज’ हा संच इंटरनेटवर ठेविला, आणि किंमत ज्याची त्याने ठरवावी असे जाहीर केले. काहीच न दिले तरी चालेल. इतके असून पुढे त्याच संचाची तबकडी दुकानांत आली तेव्हा ती इंग्लंड व अमेरिका ह्या दोन्ही देशांत विक्रीत पहिली ठरली.

आम्ही म्हटले, हा तर नवलाचा व्यवहार! तोच कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसलेल्या मातोश्री बोलल्या. त्यांचे वय आज नव्वदीच्या घरात आहे. त्या म्हणाल्या, “नवल कसले? कथेला जाताना मी तुझ्या मुठीत दहा पैसे देत असे, ते कशाला?”

आम्ही निरुत्तर झालो. खरेच, लहानपणी देवळात हरिदासबुवांचे कीर्तन होई. दाराशी तिकीट नसे, कोणासही मज्जाव नसे. पूर्वरंग, उत्तररंग सर्वांसाठी सारखाच. पण शेवटी आरतीचे ताट फिरे, आणि ज्याने त्याने आपापल्या शक्तीप्रमाणे त्यात टाकावे. रिकाम्या हाताने निरांजनावरून हात फिरविणाऱ्यासही बुक्का मिळे; परंतु ऐपत असून तसे करणाऱ्याकडे गाव कसे पाही तेही आम्हांस आठवते. ते दहा पैसे ही कथेची किंमत नव्हती, आणि भिक्षाही नव्हती. बुवांनी पुढच्या गावी जाऊन पुन्हा कथा सांगावी, एवढ्यासाठी श्रोत्यांनी उचललेला तो भार होता. देणारा मोकळ्या हाताने देतो तेव्हा घेणाऱ्याचे कर्तव्य संपत नाही. ते तेथून सुरू होते.

हे ध्यानात येताच आम्हांस एक जुना प्रसंग आठवला व तो येथे सांगितल्यावाचून आमचे समाधान होणार नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनास परगावाहून एक तबलजी आला होता. तीन तास त्याने मुलांच्या गाण्यांस साथ केली. कार्यक्रम संपल्यावर आम्ही त्याच्या हाती श्रीफळ दिले आणि दोन गौरवाचे शब्द बोललो. तो खालच्या आवाजात म्हणाला, “सर, एस. टी.चे भाडे मिळाले असते तर बरे होते.” आम्हांस राग आला. कलेची सेवा करावयास आला आणि भाडे मागतो! आम्ही त्यास तसे बोलूनही दाखविले. त्याने नारळ हलकेच आमच्या मेजावर ठेविला, तबल्याची जोडी खांद्यास लाविली व निघून गेला. पुढे कित्येक दिवस शिक्षकांच्या खोलीत आम्ही त्यास उद्धट म्हणत असू. तो त्या रात्री घरी कसा पोचला हे आम्ही कधी विचारले नाही.

गणदासाचा श्लोक आम्ही शिकविला. परंतु तो बोलणाऱ्या गणदासास राजाश्रय होता, त्याच्या भाकरीची सोय अग्निमित्राने केलेली होती, हे मुलांस सांगावयाचे राहून गेले. ज्या कलावंतास राजा नाही, त्याचा राजा श्रोता. आणि श्रोत्याने वर्गणीच्या वेळी कला पवित्र आहे म्हणून हात आखडावा व टाळीच्या वेळी मात्र तो मोकळा सोडावा, ह्यात पावित्र्य कलेचे राखले जात नाही. पैसा तेवढा आपला राखला जातो.

असो. कार्यक्रम पुढील पंधरवड्यात आहे. आम्ही घरातील नऊ माणसांची नऊ तिकिटे घेतली. वहिनींनी प्रथम नाक मुरडले. पण नंतर आपल्या तिकिटाचे पैसे आपणच दिले. चिरंजीव आजीचे तिकीट मोफत देऊ लागले, तेव्हा त्यांनी साफ नाकारले. कनवटीची नोट काढून त्यांनी ती नातवाच्या हातावर ठेविली आणि म्हणाल्या, “गाणे बरे झाले नाही तर परत मागणार नाही. पण पुढचे बरे कर.”

ती पदे आम्हांस कळतील की नाही कोण जाणे. त्यांचा आवाज आमच्या कानांस मोठा वाटतो. परंतु सभागृहात त्या रात्री आम्ही पहिल्या रांगेत बसणार आहो. आणि साथीस बसलेला ढोलकीवाला परगावचा आहे असे कळते. त्याच्या जाण्यायेण्याच्या भाड्याची व्यवस्था झाली आहे ना, एवढे आम्ही आधी विचारून ठेविले आहे.